वन्संची नोकरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. गेल्या अकरा वर्षांत या मंडळात मी उखाणे घेतले, दिवाळीच्या विक्रीसाठी चकल्या तळल्या, सहलीच्या वेळी डबे मोजले. पण उभे राहून चारचौघींपुढे बोलण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा गावापासून सहा किलोमीटरवर होती आणि मुलीला एवढ्या लांब पाठवायचे नाही असे वडिलांनी ठरवले, तिथेच ते थांबले. तेव्हा बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "घरातलाच एखादा अनुभव सांगा, चारजणींना उपयोगी पडेल असा." मी घरी जाऊन विचार केला. उपयोगी पडेल असा एकच अनुभव माझ्यापाशी आहे, आणि तो सांगायचा तर आधी तुमच्यापैकी काहीजणींची माफी मागायला हवी.

2024 च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला कितीजणींनी विचारले होते, "तुमच्या वन्सं हल्ली घरीच दिसतात, बरं नाही का?" मी कुणाला सांगितले, पाठीचे दुखणे आहे. कुणाला सांगितले, मुलीच्या अभ्यासासाठी रजा घेतली आहे. एकीला तर, त्या परदेशी जाण्याच्या परीक्षेची तयारी करताहेत, असेही सांगून बसले. आणि त्या बिचाऱ्या बाईंनी वन्संना रस्त्यात गाठून अभिनंदन केले. या तिन्ही गोष्टी खोट्या होत्या. वन्संना कामावरून काढून टाकले होते.

आज हे सांगते आहे ते त्यांना विचारूनच. त्या म्हणाल्या, "सांगा वहिनी. फक्त हॉस्पिटलचं नाव घेऊ नका, आणि मी रडले ते सांगू नका." पहिली अट मी पाळणार आहे.

ज्यांना आमचे घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. बारावीनंतर त्यांनी जी. एन. एम. केले, तेव्हा तो अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता. लग्न झाले, एक मुलगी झाली. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा, त्यांचे यजमान नऊ दिवसांत गेले. त्या स्वतः त्या वेळी दुसऱ्यांच्या माणसांची सेवा करीत वॉर्डात उभ्या होत्या, हे मला अजून आठवले की घास घशाखाली उतरत नाही. त्यानंतर त्या मुलीला घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. आमच्या ह्यांचे दुकान लहान. सासूबाईंची औषधे, दोन्ही घरच्या मुलांच्या फिया, यात वन्संचा पगार हा हौसेचा पैसा नव्हता, किराण्याचा होता.

मिरज गाव सतारींसाठी प्रसिद्ध आहे, तसेच दवाखान्यांसाठी. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी तिथे रुग्णालय काढले आणि पुढे त्या गावात दवाखान्यांची रांगच लागली. आपल्या सांगलीतून रोज किती माणसे तिकडे कामाला जातात ते तुम्ही बघताच. वन्संचे रुग्णालय त्या रांगेतलेच एक, अलीकडचे, खाजगी. तिथे त्या सहा वर्षे होत्या. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी. मी त्यांचा डबा भरून द्यायची आणि सकाळी त्या आल्या की चहा टाकायची. त्यांच्या कामाबद्दल मला इतकेच ठाऊक होते.

आता त्या रात्रीचे सांगते. 2023 चा नोव्हेंबर महिना. वॉर्डात बावीस रोगी. दोघी नर्स असायला हव्यात, त्यांतली एक रजेवर. सकाळी सहा वाजता काहीजणांना इंजेक्शने द्यायची असतात. प्रत्येक रोग्याचा एक तक्ता असतो, त्यात औषध दिले की वेळ घालून सही करायची. वन्संनी काय केले, तर पहाटे पाच वाजता जरा निवांत मिळाले तेव्हा सहा वाजताच्या सगळ्या सह्या आधीच करून टाकल्या. सकाळी घाई होते, लिहायला फुरसत मिळत नाही, म्हणून. हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच केले होते का, असे मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "नाही वहिनी. अधूनमधून करायचे. बऱ्याचजणी करतात."

पावणेसहाला एका म्हाताऱ्या गृहस्थांना धाप लागली. डॉक्टरांना बोलावणे, ऑक्सिजन लावणे, नातेवाइकांना धीर देणे यात तास गेला. मग बाकीची इंजेक्शने दिली, पण नऊ नंबरच्या कॉटवरच्या बाईंचे अँटिबायोटिक राहिले. तक्त्यात तर सही झालेली. तक्ता बघितला तरी आठवण होणार कशी? तक्ताच सांगतो, दिले म्हणून.

सकाळी पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरला ट्रेमध्ये औषधाची बाटली दिसली. सील तसेच. त्यांनी विचारले, "नऊ नंबरचं दिलं का?" आणि आमच्या वन्सं म्हणाल्या, "दिलं."

मैत्रिणींनो, सगळे या एका शब्दात आहे. विसरणे हे माणसाकडून होते. आधी सही करणे ही चूक. पण "दिलं" हा शब्द त्यांनी शुद्धीत उच्चारला. त्या रोगी बाईंचा मुलगा रात्रभर उशाशी जागा होता. तो म्हणाला, "सहा वाजता इथे कुणीच आलं नाही." आरडाओरडा झाला. साडेदहाच्या सुमारास वन्संनी मेट्रनबाईंना खरे सांगितले. तोवर डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिले गेले होते, आणि त्या बाई चौथ्या दिवशी चांगल्या होऊन घरी गेल्या, देवाची कृपा. वन्संना कारणे दाखवा म्हणून नोटीस मिळाली. त्यांनी उत्तर लिहिले, चौकशी झाली, आणि पंधरवड्यात पत्र हातात आले.

पत्र इंग्रजीत होते. ह्यांनी वाचून दाखवले. त्यात 'मिसकॉन्डक्ट' असा शब्द होता. मी विचारले, "म्हणजे काय?" हे म्हणाले, "गैरवर्तन."

मी त्या शब्दाला फार भ्याले. पुरुषाच्या बाबतीत गैरवर्तन म्हटले की लोक समजतात, साहेबाशी भांडला असेल, उशिरा येत असेल. बाईच्या बाबतीत, त्यातून नवरा गेलेल्या आणि रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या बाबतीत, तोच शब्द कानावर आला तर आपण बायकाच आधी काय समजू, हे मी तुम्हांला सांगायला नको. परिचारिकेच्या कामाला नावे ठेवण्याची आपल्याकडे जुनीच खोड आहे. आपल्या वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचले आहे की 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तिथल्या बायका परिचारिकेचे काम शिकायला ससूनमध्ये जाऊ लागल्या, त्यांत विधवाही होत्या. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने परक्या माणसांची दुखणी काढावी हे लोकांना रुचत नसे. शंभरावर वर्षे झाली. रुचते का अजून, तुम्हीच सांगा.

म्हणून मी ठरवले, कुणाला कळू द्यायचे नाही. सासूबाईंनाही नाही. वन्सं बारा दिवस खोलीतून फारशा बाहेर आल्या नाहीत. पांढरा गणवेश त्यांनी गाठोडे करून माळ्यावर टाकला होता, तो मी काढला, धुतला आणि इस्त्री करून कपाटात ठेवला. बोलले काहीच नाही. मला दुसरे काही सुचलेही नाही.

यापुढचा भाग माझ्या शहाणपणाचा आहे. तो ऐका.

वन्संनी दुसऱ्या ठिकाणी अर्ज करायचे ठरवले तेव्हा मी म्हटले, "जुनी नोकरी घरच्या अडचणीमुळे सोडली असं सांगा. कोण विचारायला जातंय?" त्यांनी तसे सांगितले. मुलाखत चांगली झाली, सोमवारपासून या म्हणाले. आम्ही देवापुढे साखर ठेवली. शनिवारी फोन आला, येऊ नका. तिथल्या मेट्रनबाई आणि जुन्या ठिकाणच्या मेट्रनबाई एकाच शाळेत शिकलेल्या निघाल्या. एका गावात इतके दवाखाने असले की एक सोय असते आणि एक गैरसोय असते. गैरसोय ही, की सगळ्या सिस्टर एकमेकींना ओळखतात.

तरी माझे डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या खेपेला मी म्हटले, "मग त्या हॉस्पिटलचं नावच काढू नका. सहा वर्षं घरी होते, सासूबाईंचं आजारपण होतं असं सांगा." झाले. तिथल्या कारकुनाने प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर मागितला. 2014 पासून फंडात असलेल्या प्रत्येकाला बारा आकडी एकच नंबर मिळतो आणि तो नोकरी बदलली तरी बदलत नाही. कुठे कधी लागलात, कधी सुटलात, ते त्या नंबरावर दिसते. मला सातवी पासला हे काय माहीत! वन्संना माहीत होते, पण त्यांची बुद्धी त्या दिवसांत माझ्या ताब्यात होती. तो कारकून त्यांना म्हणाला, "बाई, घरी होता ना? मग हे कोण नोकरी करत होतं?" त्या उठून आल्या.

तिसऱ्या ठिकाणी त्यांनी आपण होऊन खरे सांगायचे ठरवले. पण काय झाले, की बांध फुटला. रजेवर गेलेल्या दुसऱ्या नर्सपासून ते बावीस रोग्यांपर्यंत आणि ओरडणाऱ्या मुलापासून ते मेट्रनबाईंच्या स्वभावापर्यंत सगळे अर्धा तास सांगत बसल्या आणि शेवटी रडल्या. डॉक्टर भला माणूस होता, पाणी दिले. नोकरी दिली नाही. घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती. मी सगळ्यांच्या चुका सांगितल्या, माझी सांगायची राहिली."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त सिस्टरबाई राहतात. सरकारी इस्पितळात चाळीस वर्षे काढलेल्या. मी रक्तदाब तपासायला त्यांच्याकडे जाते. एके दिवशी पट्टा दंडाला बांधलेला असतानाच मी त्यांना सगळे सांगून टाकले. त्या दिवशी रक्तदाब किती भरला ते विचारू नका. त्यांनी वन्संना घेऊन या म्हणून सांगितले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला कधी सुचला नसता. "कौन्सिलमधली नोंदणी चालू आहे ना?" मग मला समजावून सांगितले. नर्सचे नाव मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत असते, दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. रुग्णालयाने कामावरून काढले म्हणून ते नाव आपोआप पुसले जात नाही. ते पुसण्याचा अधिकार कौन्सिलचा, तोही रीतसर चौकशी करून. वन्संविरुद्ध तिथे तक्रार गेली नव्हती, आणि नोंदणीची मुदतही शिल्लक होती. आम्ही तर समजत होतो की सगळेच संपले. सिस्टरबाई म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली आहे. तुमचं नर्सपण गेलेलं नाही. पण हे दोन वेगळे आहेत हे तुम्हांला स्वतःला पटेपर्यंत मुलाखतीला जाऊ नका."

दुसरे त्यांनी सांगितले ते असे. रिकाम्या बसू नका. घरी जाऊन रुग्णसेवा करा आणि वही ठेवा. तिसरे, जुन्या हॉस्पिटलमध्ये स्वतः जा आणि निदान किती वर्षे, कोणत्या हुद्द्यावर काम केले एवढा तरी कागद मागा. नवीन माणूस तिथे फोन करणारच, तर तो करणार हे धरूनच चाला. आणि चौथे, मुलाखतीत चार वाक्यांपेक्षा जास्त बोलायचे नाही. काय झाले, त्यात माझी चूक कोणती, तेव्हापासून मी काय करते आहे, आणि मला काय हवे. पाचवे वाक्य समोरच्याने विचारले तर.

जुन्या ठिकाणी जायला वन्सं तयार होईनात. शेवटी मी बरोबर गेले. मिरजेची बस, दुपारची वेळ. ऑफिसातला मुलगा म्हणाला, काढलेल्या माणसाला पत्र देत नाहीत. आम्ही बाकावर बसून राहिलो. दीड तासाने मेट्रनबाई तिकडून चालल्या होत्या, त्या थांबल्या. मला वाटले आता बोलतील. त्या वन्संना म्हणाल्या, "जेवलात का?" मग ऑफिसात गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या होतात असं मी लिहून देणार नाही. किती वर्षं होतात ते लिहून देते. आणि कुणी फोन केला तर जे झालं ते सांगेन. खोटं बोललात तेही सांगेन आणि आपण होऊन येऊन कबूल केलंत तेही सांगेन." कागद मिळाला. राहिलेला अकरा दिवसांचा पगारही पुढच्या आठवड्यात जमा झाला. येताना बसमध्ये आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मी मात्र मनातल्या मनात त्या बाईंना सहा महिने ज्या शिव्या दिल्या होत्या त्या एकेक परत घेत होते.

अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांकडे वन्संना दिवसाचे काम मिळाले. दूध गाळणे, कूस बदलणे, नळीतून पातळ अन्न देणे, साखर तपासणे, इन्सुलिन देणे. तिथे त्यांनी दोनशे पानी वही घातली. औषध दिल्यावर, घड्याळ बघून, त्या घरच्या सूनबाईंसमोर लिहायचे आणि त्यांचीही सही घ्यायची. सूनबाई प्रथम हसायच्या. मला वन्संनी सांगितले की नर्सना शिकवताना पाच गोष्टी घोकून घेतात: रोगी बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, देण्याचा मार्ग बरोबर, वेळ बरोबर. काहीजण सहावी जोडतात, नोंद बरोबर. "ती सहावी मी कधी मनावर घेतली नव्हती," असे त्या म्हणाल्या.

इथे मला माझीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण आज वही मंडळाच्या कपाटात आहे आणि कुणीही बघू शकते. 2019 साली भिशीचा हिशोब माझ्याकडे होता. कुणी म्हणाले, "उद्या देते," की मी आजच जमेची खूण करून मोकळी व्हायची. ओळखीच्या बायका, कुठे जाणार आहेत? एकदा दोनशे रुपये कमी पडले, ते मी घरखर्चातून भरले आणि कुणाला बोलले नाही. तेव्हा वन्संच्या सह्यांविषयी ऐकले त्या दिवशी मला त्यांचा राग का आला नाही, हे मला ठाऊक आहे.

चार वाक्यांची तालीम आम्ही स्वयंपाकघरात केली. मी मटार सोलत डॉक्टर व्हायची, वन्सं ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांना "खोटं सांगितलं" हे दोन शब्द तोंडातून काढता येईनात. "तसं म्हटलं गेलं", "गैरसमज झाला" असे काहीतरी म्हणायच्या. मी म्हणायची, "बाई, नीट सांगा, मला दुसरे रोगी आहेत." मग आम्ही दोघी हसायचो. आठवडाभरात ते जमले. एकदा मी जरा चढ्या आवाजात विचारले, "जी बाई एकदा खोटं बोलली तिच्या हाती मी माझे रोगी का द्यावेत?" तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिला बोलू दे गं आधी." त्या दाराशी येऊन उभ्या होत्या, आणि किती दिवस ऐकत होत्या देव जाणे. आम्ही दोघी पांढऱ्या पडलो. सासूबाई खाली बसल्या, मटारची परात पुढे ओढली आणि सोलता सोलता म्हणाल्या, "मला नोव्हेंबरातच कळलं होतं. इस्त्रीचा गणवेश महिनाभर एकाच घडीत असतो का कधी?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "घरात सांगायला जिला भीती वाटते ती बाहेर काय सांगणार!" हे त्या मुलीला म्हणाल्या की मला, ते मी अजून विचारलेले नाही.

जून 2024 मध्ये जयसिंगपूरला एका बारा खाटांच्या दवाखान्यात जागा निघाली. तो एक डॉक्टरबाई चालवतात. वन्संनी चार वाक्ये सांगितली, कागद दिला, वही पुढे ठेवली. डॉक्टरबाईंनी वही उलटसुलट चाळली, एका पानावर बोट ठेवून विचारले, "इथे दुपारी दोनची गोळी दोन चाळीसला का?" वन्सं म्हणाल्या, "आजोबा झोपले होते. उशीर झाला, तो लिहिला." डॉक्टरबाईंनी त्यांच्यासमोरच मिरजेला फोन लावला. पाच मिनिटे नुसते "हं, हं" करीत होत्या. वन्सं म्हणतात, ती पाच मिनिटे त्यांच्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणापेक्षा मोठी होती.

नोकरी मिळाली, पण अटी होत्या आणि त्या लपवण्याचे कारण नाही. पहिले तीन महिने फक्त दिवसपाळी. औषधाच्या कपाटाची किल्ली मिळणार नाही. इंजेक्शन देताना दुसरी सिस्टर बरोबर राहणार. जुना पगार सोळा हजार होता, इथे अकरा. मला पगार ऐकून वाईट वाटले आणि मी तसे बोललेही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, किल्ली दिली असती तर मीच घाबरले असते." एसटीत 2023 च्या मार्चपासून आपल्याला अर्धे तिकीट झाले आहे, तेवढाच आधार.

तीन महिन्यांचे पाच झाले, मग किल्ली मिळाली. पगार आता साडेतेरापर्यंत आला आहे. पूर्वीइतका अजून नाही, आणि रात्रपाळीला त्यांना अजून एकटे ठेवत नाहीत. कधी एखादी नवी सिस्टर कुजबुजते, ते त्यांना कळते. मुलीला त्यांनी स्वतः सांगितले. ती तेव्हा आठवीत होती. तिने एकच विचारले, "त्या नऊ नंबरच्या आजी बऱ्या झाल्या ना?" त्या वयाचे मूल इतके नेमके विचारते आणि आम्ही मोठी माणसे पगाराचे, लोकांचे, शेजाऱ्यांचे बघत बसलो होतो.

पाठीच्या दुखण्यासाठी ज्या बाईंनी मला निर्गुडीचे तेल आणून दिले होते, त्यांची बाटली अजून माझ्याकडे आहे. तेल मीच गुडघ्याला वापरले, गुण चांगला आला. परदेशाबद्दल ज्यांनी अभिनंदन केले त्या आज समोरच्या रांगेत बसल्या आहेत आणि हसताहेत, म्हणजे रागावल्या नसाव्यात. तुम्हां सगळ्यांची मी मनापासून क्षमा मागते. आणि कुणाच्या घरी असा कागद आला, तर मटार सोलायला मला बोलवा. डॉक्टरचे काम मला आता पाठ झाले आहे.

वन्संची आज दुपारची पाळी आहे, म्हणून त्या इथे नाहीत. त्या नऊच्या बसने येतात, आणि आज मंडळाच्या गडबडीत मी घरी नुसता वरणभात लावून आले आहे. तेव्हा चहाला मी थांबत नाही.